दिवस गेलेत आणि रोजची गोळी चालू आहे: काय करायचं, घरी काय सांगायचं

पाळी चुकते, पट्टीवर दोन रेघा येतात आणि त्याच संध्याकाळी बऱ्याच जणी चालू असलेली गोळी बंद करून टाकतात. थायरॉइडची असो, फिटची असो, बीपीची असो की मनाच्या आजाराची. कुणाला विचारत नाहीत, कारण विचारायचं म्हणजे बातमी फुटणार. हेतू बाळाच्या काळजीचाच असतो, पण सगळ्यात जास्त घोटाळे या एका गोष्टीने होतात. आईने घेतलेलं बहुतेक औषध थोड्याफार प्रमाणात बाळापर्यंत पोचतं हे खरं. पण आईला आलेली फिट, चढलेलं बीपी, दम्याच्या अटॅकमध्ये कमी पडलेला ऑक्सिजन हेही बाळापर्यंतच पोचतं. गोळी घेतली तर काय होईल, याच्या शेजारी गोळी न घेता आजार मोकळा सुटला तर काय होईल, हे ठेवून पाहायचं. घरातल्या बोलण्यात ही दुसरी बाजू जवळपास कधीच येत नाही. गोळी सगळ्यांना दिसते, आजार फक्त जिला आहे तिलाच माहीत असतो.

पहिल्या दोन दिवसांत करायचं काम

एक कोरा कागद घ्या. गोळीचं पाकीट समोर ठेवून, आठवून नव्हे, पाहून लिहा. कागद असा दिसायला हवा:

शेवटची पाळी: (पहिल्या दिवसाची तारीख)
लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, सकाळी ६, उपाशीपोटी, तीन वर्षांपासून
लॅमोट्रिजिन १०० मिलिग्रॅम, सकाळ-रात्र. शेवटची फिट १४ महिन्यांपूर्वी, दोन डोस चुकल्यावर
पाळीच्या दुखण्यासाठी मेफेनॅमिक ॲसिड, गेल्या महिन्यात ३ गोळ्या
घरचा काढा, आठवड्यातून दोनदा, त्यात काय आहे माहीत नाही

‘शेवटचा त्रास कधी झाला’ हा रकाना बहुतेक जणी वगळतात आणि डॉक्टरांना नेमका तोच हवा असतो. ब्रँडच्या नावापुढची अक्षरंही सोडू नका. एएम, एच, सीटी अशी एक-दोन अक्षरं म्हणजे त्याच गोळीत आणखी एक औषध घातलेलं आहे, आणि कधी कधी बदलायचं असतं ते हेच दुसरं. चूर्ण, मुरुमांचं मलम, केमिस्टने नुसतीच हातात दिलेली डोकेदुखीची गोळी, सगळं लिहायचं.

मग फोन. ‘तीन महिने कुणाला सांगायचं नाही’ ही आपल्याकडची रीत शेजारपाजारी आणि नातेवाइकांपुरती पाळायची असेल तर खुशाल पाळा. डॉक्टर आणि केमिस्ट यांना ती लावू नका. बाळाचे अवयव घडतात ते याच काळात, साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यात. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर २८व्या दिवसापर्यंत मिटते. डॉक्टर आठवडे मोजतात शेवटच्या पाळीपासून, त्या हिशेबाने हा सहावा आठवडा. कित्येकींना तोवर पाळी उशिरा येतेय एवढंच वाटत असतं. म्हणूनच फॉलिक ॲसिड मूल ठरवण्याच्या आधीपासून घ्यायचं असतं: साधारण रोज ४०० मायक्रोग्रॅम, बाराव्या आठवड्यापर्यंत. फिटची औषधं, आधीपासूनचा मधुमेह किंवा आधीच्या बाळाला मणक्याचं व्यंग असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅमची गोळी देतात.

त्याच दिवशी फोन कराव्या अशा गोळ्या

मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन आणि संधिवात किंवा सोरायसिससाठीचं मेथोट्रेक्सेट या दोन्ही गोळ्या पुढचा डोस न घेता थांबवायच्या आणि लगेच कळवायचं.

फिटचं व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, मनाच्या आजाराचं लिथियम आणि थायरॉइड जास्त असताना देतात ते कार्बिमॅझोल यांचं वेगळं आहे. ही बहुधा बदलावी लागतात किंवा डोस नव्याने ठरवावा लागतो, पण आपल्या मनाने बंद करायची नाहीत. व्हॅल्प्रोएटचा धोका खरा आणि मोठा आहे: शंभरातल्या सुमारे दहा बाळांत मोठं व्यंग, आणि तीस ते चाळीस मुलांमध्ये पुढे बोलणं, शिकणं, वागणं यांत अडचणी. तरीही ते एका रात्रीत सोडलं तर एकामागून एक फिट येऊन आईच्या जिवावर बेतू शकतं. मेंदूविकारतज्ज्ञ ते दुसऱ्या औषधावर आणतात. त्यांची भेट त्याच आठवड्यात मिळवायची, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटवर समाधान मानायचं नाही. मूल हवंय असं ठरवतानाच हे बोलणं झालं असेल तर सगळ्यात उत्तम.

बीपीच्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात, विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे. त्यांच्या जागी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देतात. बदल एक-दोन दिवसांत व्हायला हवा, आणि तो बदल असावा. जुनी बंद केली आणि नवी सुरूच झाली नाही, असं व्हायला नको.

उगाच बंद होणाऱ्या गोळ्या

यात पहिला नंबर थायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉइड कमी असताना देतात त्या लेव्होथायरॉक्सिनचा. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याला काम सुरू करते. तोवर मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन आईकडूनच येतं. म्हणजे गोळी बंद करण्याचं सोडाच, दिवस गेल्यावर डोस साधारण सव्वा ते दीडपट करावा लागतो, म्हणजे २५ ते ५० टक्क्यांनी वाढवावा लागतो. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) लगेच करा आणि अर्ध्या गरोदरपणापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासत राहा.

दम्याचे पंप, बुडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल, चालू ठेवायचे. ‘पंपाची सवय लागते’ हे बाहेरच्यांचं बोलणं गरोदरपणात दुप्पट जोराने ऐकू येतं. त्याकडे साफ दुर्लक्ष करा.

लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटाम ही फिटची औषधं घेणाऱ्यांच्या बाळांत व्यंगाचं प्रमाण औषध न घेणाऱ्यांच्या जवळपास जातं. गंमत अशी की गरोदरपणात शरीर लॅमोट्रिजिन भराभर बाहेर टाकतं. त्यामुळे गोळी चुकली नाही तरी रक्तातलं प्रमाण उतरतं आणि डोस वाढवायची वेळ येते. घरच्यांना हे ‘रोग वाढला’ असं वाटतं. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नैराश्य किंवा तीव्र चिंतेसाठी सर्ट्रालिन चालू असेल तर ते अचानक तोडल्याने आजार उलटण्याची भीती जास्त असते. आजार उलटला की खाणं, झोप, तपासण्या सगळं बिघडतं, आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य गाठतं. शेवटच्या महिन्यांत हे औषध घेतलेल्या काही बाळांना पहिले थोडे दिवस किरकिर, थरथर, जलद श्वास असं होतं. ते बहुधा आपोआप जातं, पण बाळाच्या डॉक्टरांना आधी माहीत असलेलं बरं.

आणि ॲस्पिरिन. आधीच्या खेपेला बीपी वाढलं होतं, जुळं आहे, आधीपासून बीपी किंवा मधुमेह आहे, अशांना डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देतात. केमिस्ट पाकीट देताना हमखास म्हणतो, ‘ही तर हार्टची गोळी.’ झालं, घरी येईपर्यंत गोळी पर्समध्येच. ही गोळी बारीक डोसची आहे आणि प्रीएक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या आजाराची) शक्यता कमी करायला दिली आहे, असं डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या.

दुखण्याच्या गोळ्यांत मात्र सावध राहा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात, गर्भजल कमी होतं. आपल्याकडे अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत यांपैकी एक घातलेलं असतं, म्हणून मागताना ‘नुसतं पॅरासिटामॉल’ असं म्हणा. गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतल्याने मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) येते, असं वादळ २०२५च्या सप्टेंबरात अमेरिकेतून उठलं आणि व्हॉट्सॲपवर फिरलं. स्वीडनमध्ये २४ लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०२४मध्ये छापून आला होता. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध दिसला नाही. अंगावर काढलेला ताप बाळाला बरा नसतो. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच, आणि रोज घ्यावं लागत असेल तर डॉक्टरांना विचारून.

डॉक्टरांकडे काय विचारायचं

घोडं पेंड खातं ते इथे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणतात, न्यूरोला विचारा. न्यूरोवाले म्हणतात, गायनॅकला विचारा. दोन्ही दारांत जाऊन बाई रिकाम्या हाताने परत येते आणि निर्णय घरातली सगळ्यात मोठ्या आवाजाची व्यक्ती घेते. यावर उपाय एकच: पहिल्या डॉक्टरांकडून दुसऱ्यांच्या नावे दोन ओळींची चिठ्ठी मागा आणि त्यावर मोबाइल नंबर घ्या. मागायला संकोच वाटतो, पण बहुतेक डॉक्टर देतात.

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. हे औषध घेतलं नाही तर मला आणि बाळाला काय होऊ शकतं? यापेक्षा जास्त वर्षं वापरात असलेलं, गरोदरपणात जास्त तपासलेलं औषध आहे का? आजार ताब्यात राहील असा कमीत कमी डोस कोणता? अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत काय खास पाहायचं, बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी लागेल का? आणि धोका किती, हे शंभरात किती अशा भाषेत सांगाल का?

शेवटच्या प्रश्नावर अडून राहा. कोणतंही औषध न घेणाऱ्या आयांच्याही शंभरातल्या दोन-तीन बाळांना काही ना काही मोठं व्यंग असतं. ‘धोका दुप्पट होतो’ हे ऐकून हातपाय गळतात, पण हजारातल्या एकाचे दोन झाले तरी ते दुप्पटच असतं. त्यातही ९९८ बाळं सुटतात.

पाकिटातल्या कागदावर ‘गरोदरपणात वापर टाळावा’ असं छापलेलं असतं. बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘घातक आहे’ असा नसून ‘गरोदर बायकांवर तपासलेलं नाही’ एवढाच असतो. थॅलिडोमाइड १९५७मध्ये पश्चिम जर्मनीत मळमळ आणि झोपेसाठी बाजारात आलं, १९६१मध्ये मागे घेतलं गेलं. तोवर हात-पाय नीट न वाढलेली दहा हजारांवर मुलं जन्मली होती. दुधाने तोंड पोळल्यावर जग ताकही फुंकून पिऊ लागलं आणि गरोदर बायकांना औषधांच्या चाचण्यांतूनच वगळलं गेलं. काळजीपोटी वगळलं, आणि परिणाम असा की माहितीच नाही. करोनाची लस आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ला सुरू झाली. गरोदर बायकांना परवानगी मिळाली २ जुलैला, तोवर दुसरी लाट येऊन गेली होती. गरोदरपणातला धोका दाखवणारी औषधांवरची ए, बी, सी, डी, एक्स ही वर्गवारीही अमेरिकेने २०१५मध्ये काढून टाकली, कारण ‘सी’ म्हणजे नक्की काय हे कुणालाच धड कळत नव्हतं. आपल्याकडे अजून ‘ही कॅटेगरी सी आहे’ म्हणून घाबरवलं जातं.

घरात

पहिल्या तपासणीला सासूबाईंना किंवा आईला सोबत न्या. पण सुरुवातीची पाच मिनिटं एकटीने आत जा. आधीचा गर्भपात, मनाची औषधं, लग्नाआधीचा आजार, हे त्या पाच मिनिटांत बोलायचं. मग त्यांना आत बोलवायचं आणि जे घरात कळायला हवं ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकवायचं. सून सांगते ते ‘हल्लीच्या पोरींचं’ असतं, डॉक्टर सांगतात ते घरात चालतं. चीड येण्यासारखं आहे, पण त्याचा उपयोग करून घ्या.

रोजची वाक्यं ठरलेली असतात, उत्तरंही ठरवून ठेवा.

‘अगं, गोळ्या गरम पडतात.’ ‘हो आई, म्हणूनच डॉक्टरांना विचारलं. जेवणानंतर घ्यायला सांगितलंय, आणि सोडायची नाही असं इथे लिहून दिलंय, बघा.’

‘आम्ही कुठे गोळ्या खाल्ल्या? चार-चार पोरं झाली.’ इथे वाद घालू नका. एकच प्रश्न विचारा: ‘तेव्हा कुणाला फिटचा त्रास होता का हो?’ पुष्कळदा एखादी जाऊ, एखादी मावशी आठवते, आणि तिचं काय झालं तेही.

हे बोलणं खरं तर नवऱ्याचं काम आहे. त्याच्या आईशी त्याने बोलायचं, बायकोला पुढे करून आपण पेपर वाचत बसायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने स्वतः ऐकलेलं असावं, ‘ती म्हणतेय’ असं सांगून भागत नाही.

सरकारी लाल गोळ्यांवरून सगळ्यात जास्त कुरबुर होते: लोहाने बाळ काळं होतं, बाळ मोठं होऊन सिझर करावं लागतं. रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नाही. काळी होते ती आईची शी, आणि तिची काळजी करायची नाही. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं तर डोस वाढवतात. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा. चूक होते ती सगळ्या गोळ्या एकदम गिळण्यात: कॅल्शियम आणि चहा लोह शोषू देत नाहीत, लोह आणि कॅल्शियम दोन्ही थायरॉक्सिनला अडवतात. वेळापत्रक असं बसतं: सकाळी ६ला थायरॉक्सिन पाण्याबरोबर, ७ला चहा, ११ला लोह लिंबूपाण्याबरोबर, दीडला जेवण आणि कॅल्शियम, रात्री जेवताना दुसरं कॅल्शियम. मळमळ होत असेल तर लोह रात्री झोपताना घ्या, मात्र जेवणातल्या कॅल्शियमपासून दोन तास सोडून.

लपवून घेणं

फिटची किंवा मनाची गोळी सासरी लपवून घेणाऱ्या पुष्कळ आहेत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाच्या आड येणारं कारण म्हणून १९९९पर्यंत लिहिलेला होता. त्या वर्षी तो शब्द काढला गेला, घराघरांतून तो अजून निघालेला नाही. मानसिक आजाराची माहिती गुप्त ठेवणं हा २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. डॉक्टर ती परस्पर सासरच्यांना सांगू शकत नाहीत. फाइलवर काय लिहिलं जाईल, हे आधी विचारून घ्या.

तरी दोन गोष्टी पाळा. गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ओतून ठेवू नका, डोस चुकतो आणि गडबडीत दवाखान्यात नेलं तर कुणालाच काही कळत नाही. आणि घरातल्या किमान एका माणसाला खरं सांगा. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा किंवा कांदा कोंबायचा नाही, पाच मिनिटांत थांबली नाही किंवा गरोदर असताना कितीही वेळाची आली तरी १०८ला फोन करायचा, हे त्या माणसाला यायला हवं. मन फार खचत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

नको ती औषधं खायला लावतात तेव्हा

दबाव उलट्या दिशेनेही येतो. जी मंडळी थायरॉइडच्या गोळीला नाकं मुरडतात, तीच मुलगा होण्याची पुडी दुधातून आणून देतात. मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणीच, पुरुषाच्या बीजावर ठरलेलं असतं. दीड-दोन महिन्यांनी घेतलेली कोणतीही पुडी ते बदलत नाही. हरियाणातल्या अभ्यासांत अशी औषधं घेतलेल्या आयांच्या बाळांत जन्मजात व्यंगं जास्त आढळली. लिंगनिवडीची जाहिरात करणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. ताटावर बसल्या जागी कायदा सांगता येत नाही, हे मान्य. ‘डॉक्टरांनी बाहेरचं काही घ्यायला सक्त मनाई केलीय’ हे चालतं. पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. घेतली गेली असेल तर किती दिवस, हे न लाजता सांगा.

रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजं घालून केलेल्या आयुर्वेदिक औषधांत, पारा किंवा शिसं असू शकतं, त्यामुळे ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य गरोदरपणात लागू नाही. वैद्यांकडून घेत असाल तर घटक लिहून घ्या. गर्भ टिकण्याच्या इंजेक्शनांचंही तसंच. आधी गर्भपात झालेले असताना आता रक्तस्राव होत असेल, किंवा गर्भाशयाचं तोंड आखूड असेल, तर प्रोजेस्टेरॉनला अर्थ आहे. काहीच त्रास नसताना सरसकट दर आठवड्याला सुई कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आधीच घेतली गेली असेल तर

दिवस गेल्याचं माहीत नसताना अँटिबायोटिक किंवा दुखण्याची गोळी खाल्ली गेली म्हणून घाबरून गर्भपात करून घेतले जातात. आधी तारखा जुळवा: औषध कोणत्या आठवड्यात, किती दिवस, किती मिलिग्रॅम. बहुतेक नेहमीच्या औषधांसाठी खाली करायची गरज नसते. केमिस्टकडून गर्भपाताच्या गोळ्या आणून तर मुळीच घेऊ नका. गर्भ नळीत असेल तर जिवावर बेततं. गोळ्या घेऊन गर्भ टिकला, तर त्या गोळ्यांतल्या मिसोप्रोस्टॉलचाच बाळाला धोका असतो.

नीट माहिती घेऊनही गर्भ ठेवायचा नाही असं ठरलं, तर कायद्याने १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. तिची सही फॉर्म सीवर होते. नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही कायद्यात कुठेही मागितलेली नाही, दवाखाना मागत असला तरी. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत लागतं, पुढे चोवीसपर्यंत ठरावीक कारणांसाठी दोघांचं. आणि हेच उलटंही खरं: तिला गर्भ ठेवायचा असेल तर ‘गोळ्या खाल्ल्यात, रिस्क नको’ म्हणून कुणी तिला टेबलावर चढवू शकत नाही.

माहेरी जाताना आणि नंतर

सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाताना दवाखाना बदलतो आणि निम्म्या गोळ्या तिथे सुटतात. महिनाभराची औषधं, तो पहिला कागद, बदललेल्या डोसच्या तारखा आणि आशाताईंनी दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड एकाच पिशवीत ठेवा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, नवीन गावात ओळख करून घ्यायला ती सोयीची पडते.

बाळंतपण झालं की वाढवलेले डोस खाली यावे लागतात. लॅमोट्रिजिन पहिल्या आठवड्यांतच कमी करत आणतात, नाहीतर चक्कर येते, दोन-दोन दिसतं. थायरॉक्सिन बहुधा जुन्या डोसवर जातं आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करतात. ही उतरंड कशी करायची ते डिस्चार्जच्या कागदावरच लिहून मागा, कारण घरी पाचवीच्या गडबडीत नवीन वाक्य तयार असतं: ‘आता अंगावर पाजतेयस, आता तरी गोळ्या बंद कर.’ लेव्होथायरॉक्सिन, सर्ट्रालिन, इन्सुलिन, दम्याचे पंप यांपैकी कशासाठीही दूध तोडावं लागत नाही. लॅमोट्रिजिन दुधात थोडं जास्त उतरतं, तेव्हा बाळ फार झोपाळू वाटलं, ओढत नसलं किंवा अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी दाखवा.